बर्फातल्या काव्यमैफली



बडोद्याच्या वाचकाला अमेरिकेचे नाव ग्रंथालयाच्या संदर्भात नवे नाही. श्रीमंत सयाजीराव महाराज १९०६ साली अमेरिकेच्या दौऱ्यावर गेले, तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली, आणि १९१० साली विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला त्यांनी आपल्या संस्थानात पाचारण केले. बॉर्डन १९१३ पर्यंत येथे होते. पेट्यांत पुस्तके भरून खेडोपाडी पाठविणारी फिरती ग्रंथालये याच काळात उभी राहिली. म्हणजे ग्रंथालय ही कल्पना तिकडून इकडे आली, असे म्हणायला हरकत नाही.

आता रहदारी उलट दिशेने चालते. मराठी ग्रंथालयाच्या सभासदांपैकी अनेकांची मुले न्यू जर्सीत, इलिनॉयमध्ये किंवा कॅलिफोर्नियात स्थायिक झाली आहेत, आणि आई-वडील सहा-सहा महिने तिकडे राहून येतात. जाणते लोक सांगतात की जावे ते उन्हाळ्यात. परंतु लेकीच्या वा सुनेच्या बाळंतपणासाठी जाणाऱ्यांना ऋतू निवडता येत नाही. डिसेंबरात तेथे दुपारी साडेचारलाच दिवे लावावे लागतात. रस्त्यावर माणूस दिसत नाही. मुले कामावर गेलेली, नातवंड झोपलेले, आणि येथून नेलेली चार पुस्तके पहिल्या पंधरवड्यातच वाचून झालेली. अशा वेळी जी भूक लागते ती वाचनाची नसते. चार माणसांत बसून काही ऐकावे, याची असते. त्या भुकेला अमेरिकेच्या हिवाळ्यात काय मिळते, हा या व्याख्यानाचा विषय आहे. त्यातही बोलली जाणारी कविता.

या वाटेने एक फार मोठा प्रवासी पूर्वी गेला आहे. रवींद्रनाथ ठाकूर १९१२ च्या नोव्हेंबरात इलिनॉयमधील अर्बाना या लहानशा विद्यापीठ-गावात मुलगा आणि सून यांच्यासह येऊन राहिले. रथींद्रनाथ तेथेच कृषिविज्ञान शिकले होते. नोबेल पारितोषिक अजून वर्षभर दूर होते. म्हणजे गावाच्या दृष्टीने ते मुलाकडे आलेले एक दाढीवाले भारतीय वडीलच होते. त्याच डिसेंबरात शिकागोच्या ‘पोएट्री’ मासिकाने त्यांच्या ‘गीतांजली’तील सहा कविता छापल्या. हे मासिक हॅरिएट मन्रो यांनी त्याच वर्षी सुरू केले होते. पुढे जानेवारीत रवींद्रनाथ शिकागोला मिसेस मूडी यांच्या घरी उतरले, तेव्हा संध्याकाळी शेकोटीभोवती बसून ते बंगालीतून आपली गीते म्हणत आणि मंडळी ऐकत. ऐकणाऱ्यांना बंगाली येत नव्हते. तरीही मन्रो यांना त्या संध्याकाळी पुढे आयुष्यभर आठवत राहिल्या. ज्यांना इंग्रजी कविता कानाने समजेल की नाही अशी धास्ती वाटते, त्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

‘पोएट्री’ मासिक आजही निघते. त्याच्या संस्थेची शिकागोतील वास्तू २०११ साली उभी राहिली. तीत केवळ कवितेला वाहिलेले ग्रंथालय आहे, आणि तेथील काव्यवाचनांना सहसा प्रवेशमूल्य नसते. नवख्या प्रवाशाने आरंभ अशा ठिकाणी करावा. दिवे उजळ, खुर्च्या बऱ्या, माणसे सौजन्यशील. मात्र कविता तेथे पाहुणी म्हणून येते. ती घरच्यासारखी वावरते ती ठिकाणे वेगळी आहेत, आणि ती शोधावी लागतात.

शोधण्याची रीत फारशी अवघड नाही. गावाच्या सार्वजनिक ग्रंथालयातील संदर्भकक्षात विचारावे. जुन्या पुस्तकांच्या दुकानात दाराजवळ चिकटविलेले कागद वाचावेत. विचारताना ‘कवितेचा कार्यक्रम कधी आहे’ असे न विचारता ‘कोणत्या वारी असतो’ असे विचारावे. तारखेने होणारे कार्यक्रम निमंत्रितांचे असतात. वाराने होणारे कार्यक्रम मुरलेले असतात. आणि हिमवादळाचा इशारा असेल तर घर सोडण्यापूर्वी त्या जागी दूरध्वनी करावा, कारण छापील वेळापत्रकाला वादळ जुमानत नाही.

न्यूयॉर्कला यातील सर्वांत सोयीची तारीख १ जानेवारी. मॅनहॅटनच्या खालच्या भागात ‘सेंट मार्क्स चर्च-इन-द-बाउरी’ ही १७९९ सालची चर्चची इमारत आहे. तिच्या आश्रयाने १९६६ पासून ‘पोएट्री प्रोजेक्ट’ ही संस्था चालते. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून ही संस्था नववर्षाच्या दिवशी अखंड काव्यवाचन भरविते. दुपारी सुरू होते ते मध्यरात्रीपर्यंत. शंभराहून अधिक कवी, गायक, नर्तक प्रत्येकी काही मिनिटे व्यासपीठावर येतात. अ‍ॅलन गिन्झबर्ग, पॅटी स्मिथ अशी माणसे येथे अनोळखी पोरांच्या मागेपुढे वाचून गेली आहेत. लोक ओव्हरकोट मांडीवर घेऊन बसतात, मध्येच उठून सूप पितात, पुन्हा येतात. तिकिटाचे पैसे संस्थेच्या वर्षभराच्या खर्चाला जातात. मराठी साहित्य संमेलनातील कविसंमेलन ज्यांनी रात्री दोन वाजेपर्यंत ऐकले आहे, त्यांना हा प्रकार अपरिचित वाटू नये. फरक इतकाच की तेथे सूत्रसंचालक कवीच्या आधी स्वतःची कविता म्हणत नाही.

तथापि बडोद्याच्या श्रोत्याने न्यूयॉर्कमध्ये ज्या जागेची कहाणी मनावर घ्यावी, ती जागा दुसरीच आहे. तिचे नाव ‘न्युयोरिकन पोएट्स कॅफे’.

पोर्तो रिको बेटावरील हजारो कुटुंबे दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कला आली. त्यांची मुले तेथेच वाढली. घरात स्पॅनिश, शाळेत इंग्रजी, आणि रस्त्यावर या दोहोंची सरमिसळ. ती मुले सुट्टीत बेटावर गेली की तेथील लोक त्यांचे स्पॅनिश ऐकून नाक मुरडत, आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या इंग्रजीला लोक हसत. ‘न्युयोरिकन’ हा शब्दच मुळात हेटाळणीचा. न्यूयॉर्क आणि पोर्तो रिकन यांचा तो अर्धवट संकर. मिगेल अल्गारिन हे रटगर्स विद्यापीठात शेक्सपिअर शिकविणारे प्राध्यापक. त्यांनी आणि मिगेल पिन्येरो प्रभृती त्यांच्या मित्रांनी ही शिवी उचलून पाटीवर लावली. १९७३ साली मैफली अल्गारिन यांच्या राहत्या घरात भरत. घर पुरेनासे झाले तेव्हा भाड्याची जागा घेतली, पुढे स्वतःची इमारत झाली, मध्ये काही वर्षे दार बंद राहिले आणि १९८९ च्या सुमारास पुन्हा उघडले. या सर्व काळात एक गोष्ट बदलली नाही. तेथे माणूस ज्या भाषेत आईशी भांडतो त्या भाषेत त्याला कविता म्हणता येई. अर्धे वाक्य स्पॅनिश, अर्धे इंग्रजी. आणि ते शुद्ध करून आण, असे कोणी सांगत नसे.

पिढ्यान्‌पिढ्या गुजरातेत राहिलेल्या मराठी कुटुंबांना यात आपले काही दिसल्याशिवाय राहणार नाही. संक्रांतीला उत्तरायण म्हणणारी ही मराठी. तिच्यात गुजराती शब्द सहज येऊन बसले आहेत आणि वाक्याचा हेलही थोडा बदलला आहे. पुण्याहून आलेला पाहुणा ती ऐकून मंद स्मित करतो. त्या स्मिताच्या धाकाने अनेक घरांतील तरुण मुलांनी चारचौघांत मराठी बोलणेच सोडले. ग्रंथालयाच्या काव्यस्पर्धेत त्यांनी भाग घेतला तर परीक्षक प्रथम ‘भाषेची शुद्धता’ या रकान्यात गुण कापतात. शुद्धतेचा आग्रह चूक नाही. ग्रंथालयाने तो धरायचा नाही तर कोणी धरायचा? परंतु जी मुले वर्षातून एकदाही मराठीत तोंड उघडत नाहीत त्यांच्यापुढे शुद्धतेचा तक्ता धरणे म्हणजे पोहायला न उतरलेल्याला हात कसे मारावेत ते सांगणे. अल्गारिन यांनी शेक्सपिअर शिकविणे सोडले नाही. सकाळी वर्गात शेक्सपिअर आणि रात्री कॅफेत ती रस्त्यावरची बोली, हे दोन्ही त्यांच्या आयुष्यात एकत्र नांदले. २०२० साली ते निवर्तले. कॅफेच्या इमारतीचे नूतनीकरण २०२३ च्या अखेरीस हाती घेण्यात आले. तेव्हा तेथे जाऊ इच्छिणाऱ्याने दार उघडे आहे की नाही, की मैफल अन्यत्र भरते, याची आधी चौकशी करावी.

या कॅफेत शुक्रवारी रात्री जो प्रकार लोकप्रिय झाला, त्याचे मूळ मात्र शिकागोत आहे. तो म्हणजे ‘पोएट्री स्लॅम’. ब्रिज खेळणाऱ्या सभासदांना ‘स्लॅम’ हा शब्द ठाऊक असेल. अमेरिकनांना तो बेसबॉलमुळेही ठाऊक असतो. मार्क स्मिथ नावाचा बांधकामावर काम करणारा एक कवी होता. काव्यवाचनाला कवींशिवाय कोणी येत नाही आणि आलेले कवी आपली पाळी झाली की उठून जातात, हे त्याला सहन होईना. हे दुखणे केवळ शिकागोचे नाही, हे सांगण्याची गरज नसावी. त्याने १९८४ च्या सुमारास एका मद्यालयात नवी मैफल सुरू केली आणि जुलै १९८६ पासून ती शहराच्या उत्तर भागातील ‘ग्रीन मिल’ या जुन्या जाझगृहात रविवारच्या संध्याकाळी भरू लागली. तेथे ती पुढे तीस वर्षांहून अधिक काळ चालली. हे गृह दारूबंदीच्या काळात अल कपोनच्या टोळीच्या वहिवाटीतले म्हणून प्रसिद्ध. प्राध्यापकी काव्यवाचनासाठी इतकी अयोग्य जागा शोधूनही सापडली नसती.

स्लॅमचे नियम थोडे आहेत. कविता स्वतःची हवी. वेळ तीन मिनिटे. वर दहा सेकंदांची सूट, त्यानंतर प्रत्येक दहा सेकंदांना अर्धा गुण वजा. वाद्य नाही, वेशभूषा नाही, हातात वस्तू नाही. श्रोत्यांतून कोणतेही पाच जण परीक्षक म्हणून निवडायचे. त्यांना कवितेतले काही कळले पाहिजे अशी अट नाही. किंबहुना कळत नसेल तर बरे, असाच रोख असतो. प्रत्येकाने शून्य ते दहा यांमध्ये दशांशासह गुण द्यायचे, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा गुण सोडून द्यायचा, उरलेल्या तिघांची बेरीज करायची. स्पर्धेपूर्वी एक कवी बळीचा बकरा म्हणून वाचतो, म्हणजे परीक्षकांचा हात बसतो. श्रोत्यांनाही हक्क असतात. कविता रटाळ झाली की प्रथम बोटांच्या चुटक्या वाजतात, मग पाय आपटले जातात, मग सामुदायिक कण्हणे सुरू होते. स्वतः मार्क स्मिथ व्यासपीठावर येऊन आपले नाव सांगतो, तेव्हा सारे गृह एका आवाजात ओरडते, ‘मग काय झाले!’ इतकी वर्षे त्याने हे स्वागत आनंदाने स्वीकारले आहे. सत्काराचा नारळ आणि शाल यांची सवय झालेल्या कानांना हा आवाज प्रथम उद्धट वाटतो. दहा मिनिटांनी कळते की या घोषणेमुळेच पुढच्या नवख्या मुलीला भीती उरत नाही.

कवितेला गुण द्यावेत काय? प्रश्न रास्त आहे. हॅरल्ड ब्लूम या थोर समीक्षकाने २००० साली ‘पॅरिस रिव्ह्यू’मध्ये स्लॅमवर अत्यंत कडवट टीका केली, ही कलेची अखेर आहे असाच त्यांचा सूर होता. दोष खरेच आहेत. तीन मिनिटांत टाळी घ्यायची म्हणजे आवाज चढतो, शेवटच्या ओळीला हुंदका येतो, आणि एकाची लकब दहांच्या तोंडी बसते. २००२ ते २००७ या काळात या प्रकाराचा दूरदर्शन कार्यक्रम झाला तेव्हा खुद्द मार्क स्मिथलाही तो बाजार रुचला नाही. १९९० साली सॅन फ्रान्सिस्कोत सुरू झालेली राष्ट्रीय स्लॅम स्पर्धा भरविणारी संघटना २०१८ नंतर टिकली नाही. वारावर चालणाऱ्या छोट्या मैफली मात्र गावोगाव उरल्या.

या वादात मराठी माणसाला फार अनोळखी असे काही नाही. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले आणि यशवंत, गिरीश यांनी कविता गावोगाव गाऊन दाखविली, तेव्हाही काव्य गळ्यावर विकले जात आहे अशी ओरड झाली होती. आचार्य अत्रे यांच्या विडंबनांनी या कवींची मनसोक्त थट्टा केली. तरीही त्या गायनामुळे जी कविता घराघरांत शिरली ती पुस्तकांनी शिरली नसती. मंडळातील माधव जूलियन यांचा जन्म १८९४ साली याच बडोद्यातला, आणि यशवंत १९४० साली याच संस्थानचे राजकवी झाले. पुढे विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांनी एकत्र काव्यवाचनाचे दौरे करून तिकीट काढून कविता ऐकणारा श्रोता घडविला. तिघांपैकी एकाचाही आवाज दुसऱ्यासारखा नव्हता. स्लॅमच्या नकली हुंदक्यावर याहून चांगला उतारा सांगता येणार नाही.

गुणांच्या बाजूने एक गोष्ट मात्र नोंदविली पाहिजे. गुण देणारा ऐकतो. पाच अनोळखी माणसांच्या हाती फलक दिले की त्या पाच जणांना शेवटच्या शब्दापर्यंत कान द्यावाच लागतो, आणि त्यांनी कमी गुण दिले की उरलेले शंभर जण चिडून ओरडतात. म्हणजे त्यांनीही ऐकलेले असते. गुण हे निमित्त आहे. मराठी काव्यवाचनात कवी चांगले असतात, श्रोते चांगले असतात, आणि तरीही तिसऱ्या रांगेपासून मागे कुजबुज चालू असते. कारण त्या श्रोत्याकडे कोणी काही मागितलेलेच नसते.

शिकागोला जाणाऱ्याने इतके ध्यानात ठेवावे की अशी पुष्कळशी ठिकाणे मद्यालये आहेत. तेथे एकवीस वर्षांखालील नातवंडांना नेता येत नाही. मद्य घेतलेच पाहिजे असे नाही. सोडा मागितला तर कोणी वळून पाहत नाही. वाचावयाचे असल्यास लवकर जाऊन नोंदवहीत नाव लिहावे. मराठी कविता मराठीतच म्हणून तिचा दोन ओळींत आशय सांगितला तरी खुल्या मंचावर ते चालते. तेथे परक्या भाषेचे कोणाला वावडे नसते.

हिवाळ्याशी खरे नाते असलेली मैफल याहूनही दूर आहे. न्यूयॉर्कहून रात्रभराच्या आगगाडीने शिकागोला यावे, आणि तेथून दुपारी सुटणारी ‘कॅलिफोर्निया झेफिर’ गाडी धरावी. गाडी गोठलेल्या प्रेअरीतून जाते, सकाळी डेन्व्हरनंतर रॉकी पर्वत चढते, आणि दुसऱ्या रात्रीच्या उत्तरार्धात नेव्हाडा राज्यातील एल्को या गावी उतरविते. वीस हजारांच्या आसपास वस्तीचे हे गाव. आजूबाजूला मैलोगणती गुरांची कुरणे. जानेवारीच्या अखेरच्या आठवड्यात तेथे गुराख्यांचा काव्यमेळावा भरतो.

हा मेळावा १९८५ साली हॅल कॅनन आदी लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी सुरू केला. त्यांनी पश्चिमेकडील राज्यांत हिंडून कवी गुराखी शोधले होते. शोधता शोधता असे आढळले की बहुतेकांना आपल्यासारखा दुसरा कोणी आहे याची कल्पनाच नव्हती. मेळाव्याला जानेवारी का, याचे उत्तर सरळ आहे. शरदात वासरे विकून झालेली असतात आणि वसंतातली गाईंची वेते अजून सुरू व्हायची असतात. गुराख्याला वर्षात खरी उसंत तेवढीच. प्रेक्षकांना थंडी सोसावी लागते, पण कवी रिकामे असतात. साहित्यिक कार्यक्रमांच्या तारखा मंत्र्यांच्या सोयीने ठरण्याची सवय असलेल्यांना हे कारण विलक्षण वाटेल. २००० साली अमेरिकेच्या सिनेटने ठराव करून या मेळाव्याला राष्ट्रीय हे विशेषण दिले. २०२१ साली महामारीमुळे तो प्रत्यक्ष भरू शकला नाही.

येथली कविता यमकाची, ठेक्याची आणि गोष्टीची. बिथरलेला घोडा, हिमवादळात हरवलेली गाय, कर्जात गेलेली जमीन, म्हातारा धनी. पोवाड्याच्या कानाला ती लगेच जवळची वाटते. कवी कागद हातात धरीत नाहीत. दुसऱ्याची, मागच्या पिढीतील कविता पाठ म्हणणाऱ्यालाही येथे कवीइतकाच मान असतो. शिकागोच्या नियमांच्या हे नेमके उलट. तेथे कविता स्वतःचीच लागते. शंभर वर्षांपूर्वीच्या कवीची रचना एखादा सत्तरीतला गुराखी डोक्यावरची टोपी न काढता म्हणतो, मध्ये एक कडवे विसरतो, आणि सभागृहातून कोणी तरी ते पुढे सांगते. तेव्हा कविता कोणाची, हा प्रश्न पडत नाही.

गावातील जुनी हॉटेले स्पेनच्या बास्क प्रदेशातून मेंढपाळ म्हणून आलेल्या लोकांनी सुरू केलेली आहेत. लांब टेबलांवर अनोळखी माणसांच्या पंक्तीत जेवण होते. शाकाहारी माणसाने पाव, सूप आणि बटाटे यांवर भिस्त ठेवावी. सूपही विचारून घ्यावे. खोल्या महिनोन्‌महिने आधी भरतात. सायंकाळच्या मोठ्या कार्यक्रमांची तिकिटे वेगळी असतात, दिवसाची वाचने त्यामानाने स्वस्त, आणि खुल्या मंचासाठी तेथेही नावे नोंदवून घेतात. परतीची पूर्वेकडे जाणारी गाडी एल्कोला रात्रीच येते, नेमकी कार्यक्रम रंगात असताना. म्हणून तिकीट एक दिवस पुढचे काढावे.